तबकडी संपते तिथे
('जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' आणि तिच्या चाहत्यांच्या आठवणी)

1970 सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनमध्ये तयार झालेला दोन तबकड्यांचा एक संच बाजारात आला. 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे त्याचे नाव. संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर तेव्हा 22 वर्षांचे होते. गीतकार टिम राइस त्यांच्याहून तीनेक वर्षांनी थोरले. प्रभू येशूच्या अखेरच्या सात दिवसांवर रॉक संगीतात नाटक रचावे, ही त्यांची कल्पना नाट्यनिर्मात्यांच्या गळी उतरेना. पैसे घालायला कोणी पुढे येईना. म्हणून आधी 1969 मध्ये एक गाणे आणि मग संपूर्ण कृतीच त्यांनी ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने लोकांपुढे ठेवली. रंगमंच मागाहून आला. खुद्द इंग्लंडात सुरुवातीला तिची फारशी दखल घेतली गेली नाही. अमेरिकेने मात्र तिला डोक्यावर घेतले आणि 1971 च्या 'बिलबोर्ड' वार्षिक यादीत तिने पहिले स्थान मिळवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटक उभे राहिले, तेव्हा नाट्यगृहाबाहेर निषेधाचे फलक घेऊन ख्रिस्ती लोक उभे होते आणि ज्यू लोकही.

2021 मध्ये या ध्वनिमुद्रिकेची सुवर्णमहोत्सवी आवृत्ती निघाली. तिचे जुने चाहते, विशेषतः इंग्लंड-अमेरिकेतले, तिच्याविषयी ज्या आठवणी सांगतात व लिहितात, त्या आम्ही गेली काही वर्षे आवडीने वाचत आलो आहोत. हा विषय आम्ही या पानांवर आणतो त्याला कारण आहे. बहुतेक दर प्रायश्चित्तकाळात धर्मग्रामातील कोणी तरुण येऊन विचारतो, "फादर, त्यातले गेथशेमानेचे गाणे पवित्र गुरुवारच्या जागरणाला लावू या का?" आणि त्याच आठवड्यात कोणी वडीलधारे गृहस्थ बजावून जातात, "फादर, असली गाणी देवळाच्या आवारात नकोत." दोघेही आठवणीच्या आधारे बोलत असतात. तरुणाने ते एक गाणे ऐकलेले असते, गृहस्थांनी त्या काळचा गदारोळ. संपूर्ण कृती सलग ऐकलेला माणूस आम्हांला क्वचितच भेटतो.

चाहत्यांच्या आठवणींत काय काय असते? थोरल्या भावाने किंवा बहिणीने आणलेला तो जड संच असतो. अमेरिकी आवृत्तीच्या तपकिरी वेष्टनावर समोरासमोर बसवलेले दोन सोनेरी देवदूत असतात. आतली गीतांची पुस्तिका मांडीवर उघडी धरून, एकेक ओळ बोटाने पुढे सरकवत घालवलेली दुपार असते. चिडलेले वडील असतात; दार लोटून घेतलेली खोली असते; आणि पुष्कळदा स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकणारी, आधी कपाळाला आठ्या घालणारी व पुढे स्वतःच गुणगुणू लागलेली आई असते. कोणाच्या आठवणीत प्रॉटेस्टंट पंथातला एखादा पाळक असतो, ज्याने तरुणांच्या सभेत ही तबकडी लावली. "येशू माणूस होता हे मला इथे प्रथम कळले," या आशयाचे वाक्य तर इतक्यांदा येते की ते आता चाहत्यांचे सामाईक धन झाले आहे.

या आठवणींबद्दल आम्हांला आदर आहे. परंतु समीक्षकाचे काम त्या ऐकून घेतल्यावर मूळ कृतीकडे पुन्हा जाण्याचे असते. आणि तसे गेल्यावर दिसते की स्मरणाने या ध्वनिमुद्रिकेत काही घातले आहे आणि काही तिच्यातून काढून टाकले आहे. आमच्या मते, काढून टाकलेले अधिक महत्त्वाचे.

घातलेले आधी पाहू. मग्दालीया मरीया आणि पेत्र मिळून 'पुन्हा आरंभ करता येईल का' अशी विनवणी करतात, ते हळवे गीत अनेकांना तबकडीवर ऐकल्याचे पक्के आठवते. 1970 च्या तबकडीवर ते नाहीच. ते पुढे ब्रॉडवेसाठी लिहिले गेले आणि 1973 च्या नॉर्मन ज्युइसन यांच्या चित्रपटातून सर्वदूर पोहोचले. तसाच येशूचा आवाज. तबकडीवर तो 'डीप पर्पल' या वाद्यवृंदाचे गायक इयन गिलन यांचा आहे. आठवणीत मात्र त्या आवाजाला चित्रपटातील टेड नीली यांचा चेहरा आणि इस्राएलचे वाळवंट चिकटलेले असते. यात गैर काही नाही. पन्नास वर्षांत माणसाच्या मनात गोष्टी एकमेकींत मिसळणारच.

रॉकच्या चालीत प्रभूची कथा सांगावी काय, हा तेव्हाचा मोठा वाद होता. आम्हांला तो आता फारसा खोल वाटत नाही. इंग्लंडातूनच आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये 'क्रिस्तपुराण' छापले, ते इथल्या लोकांच्या ओठांवर असलेल्या ओवीत. दहा हजारांहून अधिक ओव्या! ज्या छंदात लोकांची पुराणे होती, त्याच छंदात त्यांनी तारणाची कथा घातली आणि कोकणपट्टीच्या ख्रिस्ती घरांनी ती गायिली. छंद लोकांचा असला म्हणून कथा बाटत नाही. कथेचे काय केले, हे पाहावे लागते.

तर मग कथेचे काय केले आहे? पहिला आवाज यहूदाचा आहे. मरे हेड यांनी तो गायिला आहे आणि आमच्या कानाला तो साऱ्या संचातला सर्वांत जिवंत आवाज वाटतो. यहूदाची तक्रार साधी आहे: लोक या माणसाला देव मानू लागले आहेत, बोभाटा होतो आहे, रोमी सत्ता हे सहन करणार नाही, आणि शेवटी साऱ्या जनतेचा चुराडा होईल. चाहत्यांच्या आठवणींत हा यहूदा ठायी ठायी भेटतो. 'आम्ही यहूदाला समजून घेतले' असे ते म्हणतात. मुंबईत 1974 मध्ये अलेक पदमसी यांनी हे नाटक बसवले तेव्हा यहूदा झाले होते नंदू भेंडे, म्हणजे मराठी रंगभूमीवरील आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव. 2014 मध्ये ते निवर्तले. तो प्रयोग पाहिलेले जे कोणी आम्हांला भेटले, त्यांनाही येशूआधी यहूदाच आठवतो.

आता थोडे पुढे ऐकावे. याच पहिल्या बाजूवर महायाजकांची सभा भरते. कयफाचा खोल खर्ज आणि हन्नाचा उंच, टोचणारा सूर. ते काय म्हणतात? हेच: गर्दी वाढते आहे, रोमी लोक आपल्याला चिरडतील, एका माणसाला वाचवण्यापायी सगळ्यांचा घात होईल. संत योहानाच्या अकराव्या अध्यायात महायाजकांच्या सभेचे हेच भय सांगितले आहे, आणि राइस यांनी ते तिथूनच घेतले. म्हणजे यहूदाचा युक्तिवाद आणि कयफाचा युक्तिवाद एकच. पण एकाला तापलेली, काळीज फाडणारी चाल मिळाली, तर दुसऱ्याला खलनायकाचा खर्ज. श्रोता एकाच विधानाला एका तोंडी टाळी देतो आणि दुसऱ्या तोंडी त्याचा तिटकारा करतो. आणि आपण असे केले हे त्याच्या लक्षातही येत नाही.

आठवणींतून सर्वांत आधी नाहीसे झालेले ते हेच महायाजक. आम्ही वाचलेल्या आठवणींत कयफाचा उल्लेख सहसा 'काय तो आवाज!' एवढ्यापुरताच सापडला. अमेरिकेतील ज्यू संघटनांनी मात्र 1973 च्या चित्रपटावर जाहीर हरकत घेतली होती: प्रभूच्या मृत्यूचा दोष यात पुन्हा ज्यूंच्या माथी मारला जातो, असे त्यांचे म्हणणे. ते उडवून लावण्याजोगे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राद्वारे स्पष्ट सांगितले की, प्रभूच्या दुःखसहनात जे घडले त्याचा दोष त्या वेळच्या सर्व ज्यूंवर सरसकट, किंवा आजच्या ज्यूंवर, लादता येत नाही. ध्वनिमुद्रिका निघाली त्याच्या अवघी पाच वर्षे आधीची ही गोष्ट. झावळ्यांच्या रविवारी आणि उत्तम शुक्रवारी दुःखसहनाचे वाचन होते, तेव्हा गर्दीचे शब्द देवळात आपण भाविकच उच्चारतो. 'त्याला क्रुसावर द्या' हे आपल्याच तोंडून वदवून घेण्यात उपासनेचे मोठे शहाणपण आहे. तबकडी ऐकणाऱ्याला ते शब्द उच्चारावे लागत नाहीत. त्याच्यासाठी गर्दी नेहमी दुसऱ्यांची असते.

यहूदाच्या बाबतीत मात्र संगीतकाराने एक अशी गोष्ट केली आहे की तिच्यासाठी आम्ही त्यांचे पुष्कळ अपराध पोटात घालू. मग्दालीया मरीयेचे प्रेमगीत, जे इव्हॉन एलिमन या तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांच्या हवाईच्या मुलीने गायिले आणि जे जगभर गाजले, त्याची चाल शेवटी यहूदाच्या तोंडी येते. गळफास घेण्यापूर्वी तो तीच चाल, तोच संभ्रम गातो: या माणसावर प्रेम करायचे तरी कसे? जिने पाय धुतले ती आणि ज्याने घात केला तो, दोघांना एकच सूर. प्रवचनात आम्हांला हे इतक्या थोडक्यात कधी सांगता आलेले नाही.

शास्त्राच्या नजरेने इतर काही सैल जागा आहेत, त्या भराभर सांगतो. स्वप्न पिलाताच्या पत्नीला पडले असे संत मत्तय सांगतो. इथे ते खुद्द पिलाताला पडते. मग्दालीया मरीयेला इथे पुरुषांच्या सहवासात आयुष्य काढलेली स्त्री म्हणून रंगवले आहे. शुभवर्तमानात तिच्याविषयी असे कोठेही म्हटलेले नाही, पण हा गोंधळ पश्चिमेतील ख्रिस्तसभेत शतकानुशतके चालत आला असल्याने त्याचे खापर या दोन तरुणांवर फोडणे अन्यायाचे होईल. हेरोदाच्या दरबारातील जुन्या विनोदी नाट्यगृहाच्या थाटाचे गाणे काहींना अपमानास्पद वाटते. आम्हांला ते चपखल वाटते, कारण हेरोदाला प्रभूकडून हवा होता तो निव्वळ एक खेळ.

गेथशेमानेच्या गाण्याविषयी अधिक बोलले पाहिजे. टिम राइस यांनी त्या काळीच सांगून टाकले होते की, येशूकडे ते देव म्हणून नव्हे, माणूस म्हणून पाहतात. ते त्यांचे मत. 451 सालच्या काल्सेदोन येथील विश्वपरिषदेपासून आपली श्रद्धा प्रभू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे असे म्हणते. त्यातला निम्मा भाग राइस यांना मान्य आहे. परंतु त्या निम्म्या भागाविषयी ते मनापासून गंभीर आहेत, आणि आपण श्रद्धावंत मंडळी पुष्कळदा तितके नसतो. प्रभू बागेत घाबरला, व्याकूळ झाला, हे आपण वाचतो आणि पुढे जातो. गिलन यांचा आवाज जिथे फाटतो तिथे पुढे जाता येत नाही. 'येशू माणूस होता हे मला इथे कळले' असे चाहते म्हणतात, त्यात तथ्य आहे. त्यांच्या धर्मशिक्षणातली ती उणीव होती आणि एका तबकडीने ती भरून काढली, याची आपल्याला थोडी लाज वाटायला हरकत नाही. मात्र गाण्यातला येशू अखेरीस पित्याची इच्छा मान्य करतो, ती मोडून पडून, काहीशा रागाने. शुभवर्तमानात तो पित्याला 'अब्बा' म्हणतो. तो शब्द गाण्यात नाही. म्हणूनच पवित्र गुरुवारच्या जागरणासाठी हे गाणे आम्हांला योग्य वाटत नाही. तिथे आपण त्याच्या सोबत जागे राहायला बसतो. त्याचा अभिनय ऐकायला नव्हे.

आणि आई? आठवणींत आया किती आहेत, ते वर सांगितले. ध्वनिमुद्रिकेत प्रभूची आई नाही. पवित्र मरीयेला एकही ओळ नाही. क्रुसावरच्या प्रसंगात आई कुठे आहे, अशी हाक वेदनेच्या भरात ऐकू येते आणि हवेत विरते; कोणी उत्तर देत नाही. संत योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात ती तिथेच, क्रुसापाशी उभी आहे. गंमत अशी की या कृतीच्या शेवटच्या तुकड्याचे नावच त्या अध्यायावरून घेतलेले आहे: 'योहान 19:41'. एकेचाळिसावे वचन घेतले, सव्विसावे गाळले. कॅथॉलिक घरात वाढलेल्या माणसाला ही रिकामी जागा लगेच जाणवावी. पण चाहत्यांनी ती नकळत आपापल्या आयांनी भरून टाकली आहे. तबकडीवर आई नव्हती, ती स्वयंपाकघरात होती. या आठवणींतला सर्वांत मोलाचा भाग आमच्या लेखी हाच.

राहिला शेवट. एकेचाळिसावे वचन बागेचे आणि तिच्यातील नव्या कबरेचे आहे. त्या तुकड्यात शब्द नाहीत. केवळ वाद्ये, आणि ती गेथशेमानेच्या गाण्याचीच चाल वाजवतात. बागेत सुरू झालेली व्यथा बागेतच विसावते. मग शांतता. पुनरुत्थान नाही, हा या कृतीवरचा सर्वांत जुना आक्षेप. केवळ एवढ्यावरून तिला दोषी ठरवणे आम्हांला मान्य नाही. बाखचे 'संत मत्तयानुसार दुःखसहन' (1727) हेही कबरेपाशीच संपते. आपली उत्तम शुक्रवारची उपासनाही मुक्यानेच संपते. फरक आहे तो श्रोत्यात. लाइपझिगच्या देवळात बसलेल्या माणसाला ठाऊक होते की दोन दिवसांनी याच बाकावर बसून आपण आलेलुया गाणार. त्याचा ईस्टर बाखने लिहिण्याची गरज नव्हती. तो समाजाच्या पंचांगात होता. दार लोटून एकट्याने तबकडी ऐकणाऱ्या मुलापाशी असे पंचांग असेलच असे नाही. सुई शेवटच्या वळणावर खरखरत राहते आणि पुढे काय हे त्याचे त्याने ठरवायचे असते. काहींनी ते देवळात येऊन ठरवले, काहींनी देऊळ सोडून. दोन्ही प्रकारच्या आठवणी आम्ही वाचल्या आहेत.

ही पोकळी नाट्यवाल्यांनाही सोसत नाही असे दिसते. 1 एप्रिल 2018 रोजी, नेमक्या ईस्टरच्या दिवशी, अमेरिकी दूरदर्शनवर या नाटकाचा प्रयोग थेट दाखवला गेला, तेव्हा क्रुसावरचा येशू शेवटी क्रुसाच्या आकाराच्या प्रखर प्रकाशात दूर दूर सरकत गेला. मूळ कृतीत नसलेली पहाट दिव्यांनी आणली. आम्हांला ती काहीशी फुकटची वाटली.

आमच्या धर्मग्रामात आम्ही यंदा असे ठरवले आहे की, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी ही ध्वनिमुद्रिका सभागृहात आरंभापासून अखेरपर्यंत ऐकवायची. सुमारे दीड तास लागतो. देवळात नव्हे, सभागृहात. गाण्यांचा आशय मराठीत छापून हाती देऊ, म्हणजे महायाजकांची सभा कोणाच्या कानावरून निसटणार नाही. 'योहान 19:41' संपल्यावर दिवे न लावता काही क्षण तसेच बसायचे. आणि मग महिला मंडळातील एक भगिनी संत योहानाचा विसावा अध्याय वाचतील, जिथे मग्दालीया मरीया अंधार असतानाच कबरेकडे येते, बागेत उभ्या असलेल्या त्याला माळी समजते, आणि तो तिला नावाने हाक मारतो. त्यावर आम्ही प्रवचन करणार नाही. चहाची व्यवस्था आहे. ज्यांच्याजवळ जुन्या तबकडीच्या किंवा 1974 च्या मुंबईतील प्रयोगाच्या आठवणी असतील, त्यांनी त्या तेव्हा सांगाव्यात, आणि जमल्यास लिहूनही आणाव्यात.